पाणबुडीत आजीला नेता येईल का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सुट्टीत घरच्यांबरोबर सागरी संग्रहालय बघायला निघालेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बरीचशी पत्रं विशाखापट्टणमच्या 'कुरसुरा' पाणबुडीबद्दल आहेत, म्हणून तिला जागाही जास्त दिली आहे. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा बदलत असतात. निघण्याआधी त्या एकदा पक्क्या करून घ्या.

प्रश्न (सोलापूर): आम्ही सहा जण विशाखापट्टणमला चाललो आहोत. मुलं 6 आणि 10 वर्षांची, सासूबाई 72 वर्षांच्या. 'कुरसुरा' पाणबुडी सगळ्यांना आतून बघता येईल का? किती वेळ ठेवावा?

उत्तर: मुलं आरामात बघतील. सासूबाईंचं मात्र घरीच ठरवून टाका. पाणबुडी किनाऱ्यावर काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभी आहे, त्यामुळे जिना चढून आत शिरायचं, लांबीभर चालत जायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं, असा मार्ग आहे. आतली वाट चिंचोळी आहे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना वाकावं लागतं आणि त्याच वेळी पाय उचलून पलीकडे टाकावा लागतो. गुडघेदुखी असलेल्यांना जिन्यापेक्षा हीच हालचाल जड जाते. घरी एक मजला न थांबता चढायला सांगा. मग साधारण वीतभर उंचीचा पाट जमिनीवर ठेवून, कमरेत वाकलेल्या स्थितीत तो ओलांडायला सांगा. हे दोन्ही दम न लागता जमलं तर खुशाल न्या. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, मानेचा त्रास असेल, दमा असेल किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल, तर नेऊ नका. मागून रांग येत असते, अर्ध्यावरून परत फिरणं अवघड होतं. चाकाची खुर्ची आत जात नाही.

सासूबाई बाहेर थांबणार असतील तर त्यांच्यासोबत एका मोठ्या माणसाने थांबावं आणि नंतर अदलाबदल करावी. त्यांना पाणबुडीच्या बाजूने एक फेरी मात्र जरूर मारायला लावा. पाण्यात तरंगणाऱ्या पाणबुडीचा बराचसा भाग पाण्याखाली असतो. इथे 91 मीटर लांबीचं अख्खं धूड नजरेसमोर येतं.

वार बघून जा. सोमवारी संग्रहालय बंद असतं आणि इतर दिवशीही बहुधा दुपारनंतरच उघडतं. त्यामुळे अराकू खोऱ्याची सहल ठरवली असेल तर ती सोमवारी ठेवा आणि पाणबुडी मंगळवार ते शुक्रवार यांपैकी एका दिवशी, उघडायच्या वेळेला. पाणबुडी उभी आहे त्या रामकृष्ण बीचवर शनिवार-रविवारी संध्याकाळी सगळं शहर लोटतं. मग आतली रांग सरकत ठेवावी लागते, वाटाड्याला बोलायला वेळ मिळत नाही आणि मुलांना पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. आत अर्धा-पाऊण तास पुरतो, रस्त्यापलीकडे ठेवलेल्या नौदलाच्या विमानासाठी (त्याबद्दल पुढे आहे) आणखी पाऊण तास धरा.

आत जाण्याआधी पाणी पिऊन, स्वच्छतागृहात जाऊन घ्या. पाठीवरची पिशवी पोटाशी घ्या, नाहीतर ती दारात आणि झडपांच्या चाकांत अडकते. साडी असेल तर पदर खोचून घ्या. सलवार-कमीज जास्त सोयीचा. चपलेऐवजी बूट घाला. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन वाकताना त्याचं डोकं वरच्या नळ्यांवर आपटतं, म्हणून बाळ छातीशी बांधायच्या झोळीत असू द्या आणि एक हात त्याच्या डोक्यावर ठेवा.

सोलापूरहून कोणार्क एक्सप्रेस थेट विशाखापट्टणमला जाते. स्टेशनवरून रामकृष्ण बीच रिक्षाने जवळच आहे.

प्रश्न (पुणे): नातवंडांना पाणबुडी दाखवायची आहे, पण आत सगळीकडे नळ्या, चाकं आणि घड्याळंच असतात असं ऐकलं. पाच मिनिटांत मुलं कंटाळतील. त्यांना नेमकं काय दाखवावं?

उत्तर: सगळं दाखवायला गेलात तर ती नक्की कंटाळतील. पाणबुडीत कुठलीही वस्तू शोभेला नसते. प्रत्येक नळी, प्रत्येक दांडा तिथे का आहे याचं कारण असतं. मोजक्या पाच-सहा गोष्टी निवडा आणि त्यांचं 'का' सांगा.

आधी थोडी पार्श्वभूमी. 'कुरसुरा' सोव्हिएत बनावटीची, डिझेल-विजेवर चालणारी पाणबुडी. 18 डिसेंबर 1969 रोजी रीगा इथे ती आपल्या नौदलात दाखल झाली आणि 27 फेब्रुवारी 2001 रोजी निवृत्त झाली. या 31 वर्षांत तिने सुमारे 73,500 सागरी मैल कापले. सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर; गुणाकार मुलांनाच करू द्या. उत्तर पृथ्वीच्या तीन प्रदक्षिणांहून जास्त येतं. ऑगस्ट 2002 मध्ये ती संग्रहालय म्हणून खुली झाली. तिच्यावर अधिकारी आणि नौसैनिक मिळून साधारण 75 माणसं राहत असत. आत शिरताना हा आकडा मुलांच्या डोक्यात असू द्या, कारण पुढची प्रत्येक जागा बघताना 'इथे 75 जण कसे मावत असतील?' हा प्रश्न आपसूक पडतो.

पाणबुडीचे सात कप्पे आहेत. नाकाकडून शेपटीकडे असा क्रम धरून सांगतो. पहिला कप्पा टॉर्पेडोंचा, म्हणजे पाणतीरांचा. समोर सहा नळ्यांची झाकणं दिसतील. शेवटच्या कप्प्यात आणखी चार नळ्या आहेत. एकूण दहा नळ्या आणि 22 टॉर्पेडो. नळीचा व्यास 533 मिलिमीटर. मोठ्या मुलाला विचारा, की साधारण 2 टनांचा टॉर्पेडो नाकातून सुटला तर पाणबुडीचं काय होईल? नाक हलकं होऊन वर उचललं जाईल. म्हणून टॉर्पेडो सुटला की तेवढ्या वजनाचं पाणी लगेच आत घेऊन तोल सांभाळतात. नळीचं आतलं आणि बाहेरचं झाकण एकाच वेळी उघडता येऊ नये अशी अडसराची योजना असते; दोन्ही उघडली गेली तर समुद्र थेट आत येईल.

दुसऱ्या आणि चौथ्या कप्प्यात राहायच्या जागा आहेत आणि त्यांच्या जमिनीखाली बॅटऱ्या. इथे मुलांना खाली बघायला सांगा. डिझेल इंजिनाला हवा लागते, ती पाण्याखाली मिळत नाही. म्हणून पाण्यावर असताना इंजिनं चालवून बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि बुडी मारल्यावर त्या विजेवर मोटारी चालवायच्या. पूर्ण वेगाने पळालं तर बॅटरी थोड्याच तासांत संपते, अगदी सावकाश सरकत राहिलं तर काही दिवस पुरते. मोबाइलवर सतत खेळ खेळला तर काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्या मुलांना हे लगेच उमगतं. बॅटऱ्या भरताना हायड्रोजन वायू सुटतो. तो साचला तर ठिणगीने स्फोट होतो, म्हणून बॅटऱ्यांच्या जागेतली हवा सतत खेळती ठेवणं हे जिवावरचं काम. वर फिरणाऱ्या हवेच्या नळ्या बघताना ही आठवण करून द्या.

झोपायच्या फळ्यांची रुंदी मुलांना वितीने मोजू द्या. गोडं पाणी मोजकंच नेता येत असल्याने आंघोळीची चैन नव्हती. स्वयंपाकघर आपल्या घरातल्या कपाटाएवढ्या जागेत, आणि त्यातून सगळ्यांचं जेवण निघे. मुलांना टॉर्पेडोपेक्षा या गोष्टी जास्त लक्षात राहतात, तेव्हा इथे घाई करू नका.

तिसरा कप्पा नियंत्रण कक्षाचा. पेरिस्कोप, खोली दाखवणारी तबकडी, सुकाणू आणि झडपांची रांग इथेच. पाणबुडी बुडते कशी आणि वर येते कशी, हे सांगायची ही जागा. 'कुरसुरा'चं वजन पाण्यावर असताना सुमारे 1,950 टन, पाण्याखाली सुमारे 2,475 टन. मधले पाचशे टन आले कुठून? पाणबुडीला दोन कवच असतात. आतलं जाड, दाब सोसणारं, बाहेरचं पातळ. दोन्हींच्या मधल्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरलं की ती बुडते. वर यायचं असेल तेव्हा उच्च दाबाची हवा सोडून तेच पाणी बाहेर ढकलतात. ही हवा संपली तर वर येण्याचा मुख्य आधार गेला, म्हणून हवेच्या बाटल्यांवर फार काटेकोर लक्ष असतं.

दाबाचं गणितही इथेच सांगा. दर 10 मीटर खोलीला प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 10 टन भार वाढतो. 200 मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर 200 टन. आतलं कवच नळकांड्यासारखं गोल का आणि चौकोनी खोलीसारखं का नाही, याचं उत्तर यात आहे. सपाट भिंत मध्येच दबते, गोल भिंतीवर दाब सगळीकडे सारखा वाटला जातो.

पाचव्यात तीन डिझेल इंजिनं, सहाव्यात विजेच्या मोटारी आणि सातव्यात मागचे टॉर्पेडो. इंजिनांच्या कप्प्यात समुद्रावर असताना प्रचंड उकाडा आणि कानठळ्या बसवणारा आवाज असे; तिथे माणसं खुणांनी बोलत. बाहेर आल्यावर मागच्या टोकाला जा. तीन इंजिनं, तीन आस आणि तीन पंखे हा हिशेब मुलांना स्वतःच जुळवू द्या.

वाटाडे म्हणून निवृत्त नौसैनिक असतात. त्यांना हिंदीत विचारा. 'हे काय आहे?' याऐवजी 'हे बिघडलं तर काय करायचे?' असं विचारलंत तर उत्तर कितीतरी पटींनी चांगलं मिळतं.

प्रश्न (जळगाव): पाणबुडी बघायला जाण्याआधी मुलांना तिचं तत्त्व घरी दाखवता येईल असा प्रयोग सांगा.

उत्तर: साहित्य घरातलंच आहे. एक लिटरची मऊ, पारदर्शक प्लास्टिकची बाटली, पेनाचं टोपण आणि थोडी खेळायची माती. टोपणाच्या टोकाला भोक असेल तर ते मातीने घट्ट बुजवा. लहान मुलाने टोपण गिळलं तरी श्वास कोंडू नये म्हणून बऱ्याच पेनांना ते भोक ठेवलेलं असतं, आणि प्रयोग फसायचं पहिलं कारणही तेच. टोपणाच्या क्लिपला हरभऱ्याएवढी माती लावा. उघडं तोंड खाली करून ते पाण्याच्या पेल्यात सोडा. जेमतेम टोक वर राहील इतकीच माती असावी. कमी-जास्त करून हे पेल्यातच जमवून घ्या, बाटलीत गेल्यावर काढणं कटकटीचं होतं. मग बाटली काठोकाठ भरा, टोपण तसंच उलटं आत सोडा आणि झाकण घट्ट लावा. बाटली दाबली की टोपण बुडतं, सोडली की वर येतं.

बुडत नसेल तर बाटलीत वर हवा राहिली आहे किंवा माती कमी आहे. बुडून वर येत नसेल तर माती जास्त झाली आहे किंवा टोपण तिरकं होऊन आतला बुडबुडा निसटला आहे. दाबताना मुलांना टोपणाच्या आत बघायला सांगा. हवा आक्रसते, तेवढं पाणी आत शिरतं आणि टोपण जड होतं. खऱ्या पाणबुडीत पाणी असं दाबून भरत नाहीत. टाकीच्या वरच्या झडपा उघडून हवा जाऊ देतात, की खालून पाणी चढतं. एवढा फरक मोठ्या मुलांना आवर्जून सांगा, म्हणजे नियंत्रण कक्षातल्या झडपा बघताना त्यांचा अर्थ लागेल.

प्रश्न (अमरावती): पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी 'कुरसुरा'ने बुडवली असं मुलाने कुठेतरी ऐकलं आहे. खरं आहे का?

उत्तर: नाही. 'गाझी' 3 आणि 4 डिसेंबर 1971 च्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळच्या समुद्रात बुडाली, त्यामुळे एकाच शहरात दोन पाणबुड्यांची गोष्ट ऐकून असा घोळ होतो. 'कुरसुरा' त्या युद्धात गस्तीवर होती. 'गाझी' आली होती ती 'विक्रांत' या विमानवाहू जहाजाच्या शोधात. भारतीय नौदल 'गाझी'च्या नाशाचं श्रेय 'राजपूत' या विनाशिकेला आणि तिने टाकलेल्या डेप्थ चार्जना, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बना देतं. 'गाझी'नेच पेरलेल्या सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने ती बुडाली, असं पाकिस्तानकडून सांगितलं जातं. तिच्यावरचं कोणीही वाचलं नाही. रामकृष्ण बीचवरच, चालत जाण्याच्या अंतरावर, 1971 च्या युद्धाचं 'व्हिक्टरी ॲट सी' हे स्मारक आहे. ही गोष्ट तिथे उभं राहून सांगा, आणि त्या रात्री दोन्ही बाजूंना माणसं होती हेही मुलांना सांगा.

प्रश्न (नांदेड): पाणबुडीसमोरचं विमान बघण्यासारखं आहे का?

उत्तर: आहे, आणि पाणबुडी बघून झाल्यावरच बघावं. ते टीयू-142 हे सोव्हिएत बनावटीचं विमान आहे आणि त्याचं काम पाणबुड्या हुडकण्याचं होतं. लपणारी आणि शोधणारा रस्त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत. 1988 ते 2017 अशी 29 वर्षं ते आपल्या नौदलात होतं. पंखांचा पसारा सुमारे 50 मीटर. चार इंजिनांपैकी प्रत्येकाला एकामागे एक असे दोन पंखे आहेत आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरत. पाण्यात टाकायचे, आवाज टिपणारे तरंगते बोये तिथे मांडलेले आहेत. पाणबुडी दिसत नाही, ती ऐकावी लागते, हे त्यांवरून समजतं. पाणबुडीत न गेलेल्या आजी-आजोबांना इथला बाहेरचा भाग सहज बघता येतो.

प्रश्न (ठाणे): मुंबईत 'विक्रांत'वर संग्रहालय होतं. ते बंद का झालं? 'कुरसुरा' टिकते, मग 'विक्रांत' का टिकली नाही?

उत्तर: 'विक्रांत' 4 मार्च 1961 ला नौदलात आली, 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली. 2001 पासून ती मुंबईत संग्रहालय म्हणून बघता येत होती, 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ते बंद झालं आणि 2014 मध्ये जहाज भंगारात गेलं. पुष्कळांना आजही त्याची हळहळ वाटते आणि ती रास्तच आहे.

मूळ कारण पोलाद आणि खारं पाणी. तरंगत्या जहाजाचा तळ सतत गंजतो. सर्वांत जास्त झीज पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या पट्ट्यात होते, कारण तिथे ओलावा, मीठ आणि प्राणवायू तिन्ही मुबलक. गंज लांबवण्यासाठी तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात. पोलादाआधी जस्त झिजतं, आणि झिजलेले ठोकळे वेळच्या वेळी बदलावे लागतात. शिवाय ठरावीक वर्षांनी जहाज सुक्या गोदीत घेऊन शिंपले-शेवाळ खरवडायचं, पातळ झालेले पत्रे बदलायचे, रंग द्यायचा. सुमारे 210 मीटर लांबीच्या जहाजासाठी तेवढी मोठी गोदी आणि दरवेळी प्रचंड पैसा लागतो. तिकिटांच्या उत्पन्नातून तो निघत नाही. 'कुरसुरा' आकाराने निम्म्याहून लहान आणि जमिनीवर उभी. तिलाही खारा वारा सोडत नाही, रंगरंगोटी आणि डागडुजी लागतेच. पण पाण्याखालची झीज टळली. जहाज जपायचं असेल तर ते पाण्याबाहेर काढा किंवा त्याच्या गोदीचा कायमचा खर्च पहिल्या दिवशीच बाजूला ठेवा. तिसरा मार्ग नाही.

मुलांना मुंबईत 'विक्रांत'ची खूण दाखवायची असेल तर नौदल गोदीच्या लायन गेटजवळ तिच्या पोलादातून केलेलं स्मारक आहे. आजची 'विक्रांत' हे त्याच नावाचं नवं, कोचीत बांधलेलं जहाज. ते 2 सप्टेंबर 2022 ला नौदलात आलं.

प्रश्न (कोल्हापूर): गोव्यात दोन तास मोकळे आहेत. वास्कोजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय लहान मुलांसोबत बघावं का?

उत्तर: जरूर. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर आहे. सोमवारी बंद. बरीचशी विमानं उघड्यावर असल्याने सकाळी उघडताच जा. दुपारी पत्रे तापलेले असतात आणि मुलं हात लावतात. टोपी आणि पाणी न्या, पावसाळ्यात छत्री.

तिथे एकच शोध मुलांना द्या. जहाजावर राहायचं म्हणून विमानात काय काय बदललं आहे? सी हॉक आणि आलिझे या विमानांचे पंख घडी घालता येतात, कारण जहाजाच्या पोटात जागा कमी आणि वर-खाली नेणारी लिफ्ट अरुंद. शेपटीखाली आकडा असतो. उतरताना तो डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि विमान थोडक्यात थांबतं. सी हॅरियरला असा आकडा नाही. त्याच्या कुशीत चार तोट्या आहेत आणि त्या खाली वळवता येतात; इंजिनाचा झोत खाली सोडून ते उभ्या उभ्या उतरे. ही विमानं 'विक्रांत'वर होती. सी हॉक आणि आलिझे यांनी 1971 मध्ये तिच्यावरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या चितगाव, कॉक्स बाजार या भागांवर हल्ले केले होते.

तीन शेपट्यांचं मोठं विमान दिसेल, ते सुपर कॉन्स्टेलेशन. आधी एअर इंडियात प्रवासी नेणारं, मग हवाई दलात, शेवटी नौदलाच्या टेहळणीत.

प्रश्न (न्यूकॅसल, इंग्लंड): भारतातून आई-बाबा आले आहेत. हार्टलपूलला मुंबईत बांधलेलं जहाज आहे म्हणतात. ते खरंच मुंबईचं का? त्यांना काय दाखवावं?

उत्तर: खरंच मुंबईचं. 'एचएमएस त्रिंकोमाली' ही फ्रिगेट, म्हणजे शिडांची मध्यम आकाराची युद्धनौका, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरली. नाव लंकेतल्या बंदराचं, लाकूड मलबारचा साग. ब्रिटनमधली ही सर्वांत जुनी तरंगती युद्धनौका. 'व्हिक्टरी' ही दुसरी ब्रिटिश युद्धनौका हिच्याहून जुनी आहे, पण ती कोरड्या गोदीत उभी. ही पाण्यावर आहे. आई-बाबांना हा फरक आधी सांगा.

त्या काळात ब्रिटनमध्ये जहाजांसाठी चांगलं ओक मिळेनासं झालं होतं. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, लाकूडही त्यांच्याभोवती सडतं. सागवानात तेल असतं. खिळे टिकतात आणि समुद्रातली लाकूड पोखरणारी कीड सहज शिरत नाही. आपल्या जुन्या घरांतल्या तुळया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तोफांच्या मजल्यावरच्या तुळया बघताना वेगळं सांगावं लागणार नाही. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता, हे सांगायला विसरू नका.

तिचे पहिले आराखडे मुंबईला पोचलेच नाहीत. ते 'जावा' या जहाजावर होते आणि डिसेंबर 1812 मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला लढाईत हरवलं. दुसरे आराखडे मागवावे लागले. ती 'कॉन्स्टिट्यूशन'ही आज बॉस्टनला संग्रहालय म्हणून तरंगते आहे.

खालच्या मजल्यांवर छत ठेंगणं आहे आणि जिने उभे, शिडीसारखे. उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवून, दोन्ही हातांनी धरून उतरायला सांगा. गुडघे दुखत असतील तर वरचा डेक आणि तोफांचा मजला एवढंच पुरे. वारा बोचरा असतो. उन्हाळ्यातही आई-बाबांना स्वेटर द्या.

प्रश्न (रत्नागिरी): संग्रहालयात काचेतल्या जहाजांच्या प्रतिकृतींपुढून मुलं पळत जातात. त्या कशा बघायच्या?

उत्तर: पाटीवर प्रमाण लिहिलेलं असतं. 1:48 म्हणजे प्रतिकृतीचा 1 सेंटिमीटर खऱ्या जहाजाचे 48 सेंटिमीटर. मुलाला खिशात लहान पट्टी द्या. काचेबाहेरून अंदाजे मोजलेली 75 सेंटिमीटरची प्रतिकृती म्हणजे 36 मीटरचं जहाज. बाहेर आल्यावर ती 36 मीटर पावलांनी चालून दाखवायला सांगा. पट्टी काचेपासून लांब धरली तर माप चुकतं. काचेला टेकवा, एक डोळा मिटा आणि दोन्ही टोकं समोरून वाचा.

मग खाली वाकून तळ बघा. डोलकाठ्या आणि शिडं सगळ्यांना दिसतात, पण जहाज कुठे चालायचं हे तळ सांगतो. खोल, निमुळता तळ भर समुद्राचा. उथळ, पसरट तळ खाडीचा. आपल्या मराठा आरमारातल्या गुराब आणि गलबतांच्या प्रतिकृती भेटल्या तर हे नक्की बघा. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, रुंद, नाक पुढे आलेलं. त्या नाकावरून समोर तोफा डागता येत. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की मोठी युरोपीय जहाजं जागीच अडकत, तेव्हा गलबतं वल्ह्यांवर गुराबांना ओढत पुढे नेत आणि पाठलाग झाला तर उथळ खाडीत शिरत, जिथे खोल तळाच्या जहाजाला येताच येत नसे. रत्नागिरीच्या मुलांना भाट्याची खाडी ओहोटीला बघायची सवय आहे. त्यांना हे एका वाक्यात समजेल.

प्रश्न (नवी मुंबई): काचेआडच्या वस्तूंचे फोटो नेहमी चकाकतात.

उत्तर: फ्लॅश बंद करा. मोबाइल काचेला जवळजवळ टेकवा, किंचित तिरका धरा आणि गडद रंगाच्या कपड्यातल्या माणसाला मागे उभं करा, म्हणजे मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब झाकलं जाईल. पाटीचा फोटो वस्तूच्या आधी काढा, नाहीतर घरी गेल्यावर कुठलं चाक कुठलं ते कळत नाही.